चिमूटभर राळ

मागच्या आगमनकाळात, क्वायरच्या पहिल्याच प्रॅक्टिसला माझं व्हायोलिन मुकं झालं. मुकं म्हणजे खरोखरच मुकं. ऑनलाइन मागवलेला नवा बो होता, पांढरेशुभ्र केस, चकचकीत काठी. मी मोठ्या ऐटीत तारेवर ओढला आणि फस्स. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज. पुन्हा ओढला, जोर लावून ओढला, तरी तेच. क्वायर सांभाळणारे अंकल हसून म्हणाले, "असू दे बाळ, आज कीबोर्डवर भागवू."

कीबोर्डवर भागलं. पुढच्या आठवड्यातही भागलं. आणि एकदा भागतंय म्हटल्यावर व्हायोलिनची खुर्ची कुणी परत मांडत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्या वर्षीच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला मी सोप्रानोंच्या मागच्या रांगेत उभी होते, हातात नुसतं गाण्यांचं पुस्तक.

कशामुळे? व्हायोलिन बिघडलं म्हणून नाही, मला वाजवता येत नव्हतं म्हणूनही नाही. साबणाच्या छोट्या वडीएवढ्या एका वस्तूमुळे. तिचं नाव रोझिन. आपल्या साध्या मराठीत राळ.

हा शब्द आपण रोज पेपरात वाचतो. कुणी कुणावर तुटून पडलं की 'आरोपांची राळ उडवली' असं छापून येतं. जुन्या नाटकांत आणि दशावतारात राक्षस रंगमंचावर यायचा तेव्हा मशालीवर राळेची पूड टाकत, भप्पकन जाळ उठे, त्यातून हा वाक्प्रचार आला. म्हणजे जाळ करणारी राळ मराठीला ठाऊक आहे. सूर काढणारी राळ मात्र आपल्या बोलण्यातही नाही आणि लिहिण्यात तर नाहीच. हे मला खटकतं, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं साधं आहे. व्हायोलिन शिकणाऱ्यांनी नवा बो, नव्या तारा, नवी केस यांच्यामागे धावण्याआधी राळ कोणती, किती आणि कधी एवढं नीट शिकावं. आणि ते परदेशातल्या हवेचं न शिकता आपल्या हवेचं शिकावं.

आधी ही राळ येते कुठून ते सांगते. हिमाचल, उत्तराखंडात चीडची झाडं आहेत. त्यांच्या खोडाला खाच पाडली की चिकट रस पाझरतो. तो तापवला की त्यातून टर्पेंटाईन उडून वेगळं होतं (तेच, रंगाच्या दुकानात मिळतं ते) आणि खाली उरते ती राळ. ती ओतून थंड केली की काचेसारखी कडक वडी होते. उत्तरेकडे तिला बिरोजा म्हणतात. पाश्चात्त्य देशांत तिचं जुनं नाव कोलोफोनी, आजच्या तुर्कस्तानातल्या कोलोफोन नावाच्या प्राचीन शहरावरून पडलेलं. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंग करताना जो वास येतो तोही बऱ्याचदा हिचाच. म्हणजे ही काही दूरदेशीची दुर्मिळ गोष्ट नाही.

ती करते काय? बोला साधारण दीडशे ते दोनशे घोड्याच्या शेपटीचे केस असतात. नुसता केस तारेवरून घसरतो, तो तिला पकडू शकत नाही. राळेची बारीक पूड केसांवर बसली की केस तारेला पकडतो, थोडं ओढतो, मग तार निसटते, पुन्हा पकडतो, पुन्हा निसटते. ए ची तार ४४० वर लावली असेल तर हे पकडणं-सुटणं सेकंदाला ४४० वेळा होतं. आपले सर सी. व्ही. रामन यांना हा विषय इतका महत्त्वाचा वाटला की १९१८ साली त्यांनी बोने वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवर अख्खा प्रबंध लिहिला. नोबेल मिळवणारा माणूस ज्या पकडण्या-सुटण्यात रमला, ते घडवून आणणारी वडी मी पाच मिनिटांत रागाने केसमध्ये फेकून दिली होती.

तर माझं चुकलं कुठे? दोन ठिकाणी. एक, कोऱ्या बोला आधी राळ चढवावी लागते हे मला माहीतच नव्हतं. माझा आधीचा बो वापरलेला होता, त्याच्यावर कुणीतरी आधीच चढवून ठेवलेली. दोन, वडीही कोरी होती. नव्या वडीचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की केस त्याच्यावरूनही घसरतात. शेवटी मी पन्नास वेळा घासूनही केसांवर कणभर काही बसलं नाही.

उपाय मला शहरात हिंदुस्तानी व्हायोलिन शिकवणाऱ्या एका सरांनी दाखवला. बारीक पॉलिश पेपर घेतला, वडीवर हलक्या हाताने चार वेळा फिरवला, वरची चमक गेली, पांढरट भुकटी दिसायला लागली. मग बो घट्ट केला, पण फार नाही, आणि टाचेपासून टोकापर्यंत सावकाश, सरळ, एकसारखा फिरवला. "घाई केलीस तर केस तापतात आणि राळ विरघळून थापतेय, बसत नाही," ते म्हणाले. दोन्ही टोकांना थोडं थांबून जास्त घासलं, कारण तिथेच राळ कमी लागते. मध्ये मध्ये तारेवर ओढून बघितलं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तार बोलली.

मग मी काय केलं असेल? नवशिक्या माणसासारखं दुसऱ्या टोकाला गेले. मुकं राहण्याची एवढी भीती बसली होती की रोज वाजवायच्या आधी वीस-पंचवीस वेळा घासायला लागले. जुलै महिना, बाहेर पाऊस धो धो, आणि माझ्या हातात गडद रंगाची मऊ वडी, कारण कुठल्या तरी व्हिडिओत एक गोरा मुलगा म्हणाला होता की गडद राळेने आवाज 'भरदार' होतो. भरदार कुठला? खरखर नुसती. तारांवर पांढरा थर, पुलाच्या खाली व्हार्निशवर पीठ सांडल्यासारखा भुगा. शेजारची काकू दारात येऊन म्हणाली, "काय करूलालीस गं, लाकूड कापूलालीस काय?"

इथेच मला मुख्य गोष्ट सांगायची आहे. त्या मुलाचं चुकलं नव्हतं. त्याच्या गावची हवा थंड आणि कोरडी असेल. राळेचे ढोबळ मानाने दोन प्रकार: फिकट, मधाच्या रंगाची, जी कडक असते, आणि गडद, काळपट तपकिरी, जी मऊ आणि जास्त चिकट असते. थंड, कोरड्या हवेत राळ ताठरते, म्हणून तिथे मऊ गडद वडी बरी. दमट, उष्ण हवेत मऊ वडी आणखी चिकट होते, म्हणून तिथे फिकट, कडक वडी बरी.

आता आपलं बघा. पिरनवाडीत जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. तेव्हा गडद वडी म्हणजे त्रासाला आमंत्रण. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तोंडातून वाफ निघते, ओठ फुटतात. तेव्हा तीच गडद वडी छान वागते. आणि आमच्या पिरनवाडीतून जांबोटी, चोर्ला घाट करत गाडी गोव्यात उतरली की पुन्हा सगळं बदलतं. तिथे समुद्राची हवा. आजीच्या गावच्या फेस्ताला मी माझी डिसेंबरची वडी घेऊन गेले आणि सकाळी नीट वाजलेली धून संध्याकाळी चिकटायला लागली. दोन-तीन तासांच्या रस्त्यावर एकाच वडीचे दोन स्वभाव. हे कुठलाही व्हिडिओ मला सांगणार नव्हता, कारण तो पिरनवाडीत बनलेला नव्हता.

मग दोन वड्या घ्यायच्या का? जमलं तर घ्या, नाहीतर एक फिकट घ्या. आपल्याकडे वर्षातले जास्त महिने तीच निभावते. वडी व्हायोलिनची असावी, डबल बासची नव्हे. ती फार मऊ असते. परदेशी नावाची महाग वडी घेतलीच पाहिजे असं मला वाटत नाही. चांगल्या वडीचा भुगा बारीक असतो, आवाज थोडा स्वच्छ येतो, हे खरं आहे. पण महाग वडी चुकीच्या प्रमाणात लावली तर ती स्वस्त वडीइतकीच वाईट वाजते. हे मी दोन्ही वापरून सांगतेय.

प्रमाणाचं म्हणाल तर कोऱ्या केसांना तीस-चाळीस वेळा, कधी त्याहून जास्त. एकदा बसली की मग रोजच्या सरावाला तीन-चार वेळा सावकाश फिरवलं की खूप झालं, आणि कधी कधी तेवढंही लागत नाही. बो घसरायला लागला की कमी झाली, खरखरायला लागला की जास्त झाली. कान हाच तराजू. केसांना बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथे राळ धरत नाही. वाजवून झालं की कोरड्या मऊ कपड्याने तारा आणि अंग पुसा. त्यासाठी स्पिरिट वापरू नका, व्हार्निश जातं. बो सैल करून ठेवा. वडी एका जागी घासून खाच पाडू नका, फिरवत राहा. आणि खाली पाडू नका, काचेसारखी फुटते. राळेच्या भुग्याने कुणाला शिंका किंवा खाज येत असेल तर तोंडाजवळ घासू नका, हात धुवा.

माझ्या आजोबांच्या केसमध्ये अशीच एक फुटलेली वडी सापडली, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेली. जुनी राळ ठिसूळ होते, भुगा जास्त उडतो. पण वरचा थर घासून काढल्यावर तिनेही सूर धरला. तिच्या मध्यभागी खोल खाच आहे. म्हणजे आजोबाही एकाच जागी घासायचे. ही चूक आमच्या घराण्यातली आहे!

मी हे सगळं वर्गातल्या एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "यूट्यूबवर आहे की सगळं, मराठीत लिहून काय होणार?" दुसरी म्हणाली, "व्हायोलिन मुळात आपलं कुठंय?" दुसरीला आधी उत्तर देते. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं. तिथून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन शिकले. इकडे गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार यांनी मांडी घालून, त्याच वाद्यावर ख्याल आणि नाट्यपद उभं केलं. खुर्चीवर बसून वाजवा की बैठकीवर, दोघांच्याही केसमध्ये हीच वडी. मग आपलं नाही कसं?

आणि मित्राला उत्तर: यूट्यूबवर सगळं आहे, आपला पाऊस नाही. आपण सीमाभागातली मुलं भाषेवर खूप बोलतो. पाट्यांवर बोलतो, परिपत्रकांवर बोलतो, मीही बोलते. पण घरात कोकणी-मराठी, दुकानात कन्नड आणि शिकायचं म्हटलं की इंग्रजी, अशी वाटणी आपण स्वतःच करून टाकली आहे. कविता मराठीत, सूचना इंग्रजीत. ज्या भाषेत बोला राळ कशी लावायची हे सांगता येत नाही, तिच्यात पुढे फक्त सणावाराची भाषणं उरतील अशी मला भीती वाटते. आजोबांना हे सगळं येत होतं. त्यांनी ते कुठे लिहिलं नाही, आम्ही कुणी विचारलं नाही, आणि ते गेल्यावर मी एका अनोळखी मुलाच्या व्हिडिओवरून शिकायला बसले.

म्हणून मंडळाला एक सूचना. आपल्या ई-मासिकात दर अंकाला एक पान 'कसं करायचं' यासाठी ठेवा. कुणी तबल्याला शाई कशी धरते ते लिहा, कुणी मातीची चूल कशी लिंपायची, कुणी आजीकडून दोदोल शिकून लिहा. भाषा शुद्ध नसली तरी चालेल, माप बरोबर पाहिजे. पहिलं पान मी लिहिलं, ते हे.

या वर्षीच्या प्रॅक्टिसची तारीख अजून लागलेली नाही. मी अंकलना विचारून ठेवलंय, की एक खुर्ची मांडाल का. ते म्हणाले, "बघू, आधी वाजवून दाखव." रास्त आहे. बोवर फिकट राळ चढवून ठेवली आहे, तीन वेळा, जास्त नाही.