न उगवलेल्या बियांचे गुण

काही वर्षांपूर्वी एका शालेय विज्ञान-प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतल्या एका मुलीने दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून त्यांच्या दोन रांगा मांडल्या होत्या. एका रांगेत बहाव्याच्या बारा बिया कानशीने घासून पेरलेल्या. दुसऱ्या रांगेत त्याच शेंगेतल्या बारा बिया, पण न घासता. पहिल्या रांगेत नऊ रोपे उभी होती. दुसऱ्या रांगेत नुसती माती. शेजारच्या टेबलावर रोपवाटिकेतून आणलेली हिरवीगार रोपे आणि रंगीत तक्ते होते. बक्षीस त्या टेबलाला गेले. ‘निम्मा प्रयोग फसला आहे’ असा शेरा आम्हा परीक्षकांपैकी एकाने त्या मुलीच्या कागदावर लिहिला, आणि त्याखाली माझीही सही आहे.

ती सही मला अजून खटकते. का खटकते, ते तुम्हांला आणि तुमच्या शिक्षकांना सांगावे म्हणून हा लेख.

बहावा तुम्ही पाहिलेला असेलच. भर उन्हाळ्यात पिवळ्या घोसांनी लगडणारे, हात-दीड हात लांबीच्या काळ्या नळीसारख्या शेंगांचे हे झाड. शेंग फोडली की आडव्या पडद्यांनी झालेले कप्पे दिसतात आणि प्रत्येक कप्प्यात एकेक चपटी, तपकिरी, चकचकीत बी. अशा दहा बिया आणि दहा हरभरे निरनिराळ्या वाटीत रात्रभर पाण्यात ठेवा. हरभरे टम्म फुगून जवळजवळ दुप्पट वजनाचे होतील. बहाव्याच्या बहुतेक बिया मात्र जशाच्या तशा राहतील. ओळखीच्या सोनाराकडे काटा असेल तर वजन करून पाहा. फरक जेमतेम आढळेल.

यात वनस्पतिशास्त्र आहे तितकेच आमचे पदार्थविज्ञानही आहे. वाळलेल्या बीच्या आतल्या भागाला पाण्याची विलक्षण ओढ असते. ही ओढ दाबाच्या भाषेत मांडली तर ती हवेच्या दाबाच्या शेकडो पट भरते. काचेच्या बाटलीत हरभरे गच्च भरून, पाणी ओतून बूच घट्ट बसवले तर बाटली फुटते, ती यामुळेच. (हा प्रयोग करायचाच तर बाटली जाड गोणपाटात गुंडाळून, आणि मोठ्या माणसांसमोर.) एवढी ओढ असूनही बहाव्याची बी पाण्यात कोरडी राहते, याचा अर्थ तिचे कवच पाण्याला आत येऊच देत नाही. त्या कवचात खांबांसारख्या उभ्या पेशी अगदी खेटून उभ्या असतात आणि त्यांवर मेणासारखा पातळ लेप असतो. कानशीने त्याला एका जागी जरासे खरवडले की वाट मोकळी होते आणि बी एका रात्रीत फुगते.

अशा कवचाचा आपल्या घरातला नमुना म्हणजे सागरगोटा. तुमच्या आजीने लहानपणी याच राखाडी गोट्यांनी खेळ मांडला असेल, आणि फरशीवर गोटा घासून भावंडांना चटकेही दिले असतील. सागरगोटा ही एका काटेरी उष्णकटिबंधीय झुडपाची बी आहे. ती पाण्यावर तरंगते. अटलांटिक महासागर ओलांडून युरोपच्या किनाऱ्यावर गेलेले सागरगोटे पूर्वीपासून लोकांना सापडत आले आहेत. महिनोन्‌महिने समुद्रात राहूनही पाणी आत शिरत नाही! चटका देण्यासाठी घासताना आजी नकळत कवच झिजवत होती. आणखी थोडे घासून तो गोटा मातीत पुरला असता तर खेळगडी एका गोट्याला मुकले असते, पण परसात सागरगोट्याचे झुडूप आले असते.

आता प्रश्न असा की झाडाने स्वतःच्याच बीला असे कुलूप का लावावे? याचे उत्तर सोलापूरच्या शेतकऱ्याला विचारा. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, पेरणी होते, मग तीन आठवडे ढग नुसते वरून जातात आणि दुबार पेरणीची पाळी येते. ज्या झाडाच्या सगळ्या बिया पहिल्याच सरीला उगवतील, त्याची सगळी पिल्ले एका ओढीत करपून जातील. कडक कवचाच्या बिया मात्र एकदम उगवत नाहीत. माती, ऊन, पाऊस, किडे आणि जनावरे यांच्यामुळे कोणाचे कवच यंदा झिजते, कोणाचे पुढच्या वर्षी, तर कोणाचे त्याच्याही नंतर. दुबार पेरणीचे बियाणे झाडाने आधीच जमिनीत ठेवलेले असते. तेव्हा त्या मुलीच्या दुसऱ्या रांगेतल्या बाराही बिया बहुधा जिवंत होत्या आणि बहाव्याच्या बीने जे करायचे असते तेच करीत होत्या.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. मॉरिशस बेटावर टॅम्बलाकॉक नावाचा वृक्ष आहे. त्याची कठीण बी पूर्वी डोडो पक्षी खात असे, डोडो सतराव्या शतकात नामशेष झाला आणि त्यामुळे हा वृक्षही उगवेनासा झाला, असा विचार स्टॅनले टेंपल या शास्त्रज्ञाने १९७७ साली मांडला. त्याने सतरा बिया टर्की पक्ष्यांना खाऊ घातल्या. सात पक्ष्यांच्या पोटातच फुटल्या, दहा शाबूत बाहेर आल्या, आणि पेरल्यावर त्यांतल्या तीन उगवल्या. गोष्ट इतकी सुंदर की ती पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. परंतु टर्कीला न खाऊ घातलेल्या बिया शेजारी पेरून किती उगवतात, हे त्याने पाहिले नव्हते. त्याही दहापैकी तीन उगवल्या असत्या तर? पुढे इतर अभ्यासकांनी हा आणि आणखी काही आक्षेप घेतले, आणि ती गोष्ट आता तितक्या खात्रीने कोणी सांगत नाही.

जगप्रसिद्ध निबंधात जी रांग नव्हती, ती आमच्या नववीतल्या मुलीच्या टेबलावर होती. ‘घासल्यामुळे उगवल्या’ हे वाक्य उच्चारण्याचा हक्क तिला त्या रिकाम्या रांगेमुळेच मिळाला होता, आणि तिच्यामुळेच आम्ही बक्षीस नाकारले.

आपल्याकडे १९५० सालापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव होतो. महाराष्ट्रात तर २०१६ मध्ये दोन कोटी, पुढच्या वर्षी चार, मग तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांचा संकल्प सोडला गेला. शाळांनी खड्डे खणले, रोपे लावली, छायाचित्रे काढली. झाडे लावण्याला माझा विरोध नाही. (अर्थात ती कुठेही लावू नयेत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारखी माळराने गवताचीच राहिली पाहिजेत.) माझे म्हणणे एवढेच की तयार रोप खड्ड्यात ठेवून विद्यार्थी विज्ञान शिकत नाही. शाळेने वनमहोत्सव जरूर करावा, पण प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून निदान एका जातीचे झाड बीपासून वाढवून पाहावे, शेजारी तुलनेची रांग ठेवावी, आणि गुण रोपाच्या उंचीला न देता वहीतल्या नोंदींना द्यावेत. किती बिया पेरल्या, कोणत्या तारखेला, किती उगवल्या, किती मेल्या. शून्य असेल तर शून्य. रोप आणल्यावरच गुण मिळणार असतील तर मुले रोपवाटिकेतून रोप आणतील. मीही आणले असते.

शिक्षकांच्या दोन अडचणी मी ऐकल्या आहेत. पहिली वेळेची. परंतु लिंबोळ्या आणि जांभळे शाळा उघडायच्या सुमारासच पिकतात. लिंबोळीचा स्वभाव बहाव्याच्या अगदी उलट. तिला धीर नाही. थोड्याच आठवड्यांत तिची उगवण्याची शक्ती घसरू लागते. झाडाखालच्या पिवळ्या लिंबोळ्या वेचून, गर धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेराव्यात. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या लिंबोळ्या शेजारी शेजारी पेरणे, हाच एक उत्तम प्रयोग होईल. जांभळाच्या एकाच बीतून कधीकधी दोन-तीन रोपे निघतात, तीही मोजा.

दुसरी अडचण अशी सांगतात की बीचे झाड मूळ झाडासारखे निघत नाही. खरे आहे. म्हणूनच आपल्या जिल्ह्यातले बागायतदार डाळिंबाची लागवड गुटी कलमांनी करतात, आणि सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात गेलात तर तेथेही हेच सांगतील. विकायच्या फळाला एकसारखेपणा हवा. रस्त्याकडेच्या कडुनिंबाला तो कशाला? एखाद्या दुष्काळात शंभरांतले वेगळे निघालेले एखादेच झाड तग धरते.

करून पाहणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. बी जिथे शेंगेला चिकटलेली होती ती बाजू सोडून दुसऱ्या बाजूला घासा. आतला फिकट रंग दिसताच थांबा. बाभळीसारख्या लहान बियांवर चुलीवरून उतरवलेले उकळते पाणी ओतून रात्रभर तसेच ठेवतात. शेळ्यामेंढ्यांच्या वाड्यातल्या लेंड्यांतून वेचलेल्या बाभळीच्या बिया चांगल्या उगवतात असे जाणती माणसे सांगतात. तेही तपासा, मात्र टर्कीची गोष्ट ध्यानात ठेवून. नुसती काळी माती भरू नका, तिच्यावर पापडी धरते. वाळू आणि शेणखत मिसळा. पिशवी खोल घ्या, कारण या झाडांचे सोटमूळ पानांच्या आधी खाली धावते.

गुंजेला मात्र कानस लावायची नाही. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा तोळा हे सोनाराचे जुने कोष्टक तिच्याच वजनावर बसवलेले. तिचे कवच शाबूत असते तोवर आतले जहाल विष आतच राहते. भुकटी झाली की ते मोकळे होते. एरंड आणि पिवळी कण्हेर यांच्या बियांनाही हात लावू नका.

आणि ती न उगवलेली रांग. प्रदर्शन संपल्यावर त्या पिशव्या कोणी तरी रिकाम्या केल्या असतील. तुम्ही तसे करू नका. पिशव्यांवर तारीख लिहून त्या भिंतीच्या कडेला पावसात राहू द्या, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मोजा.