धूर, सोय आणि कलम

गेल्या वर्षी मे महिन्यात एका लग्नाला आदिलाबादला गेलो होतो. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा, पण बाजारात मराठी सर्रास ऐकू येते. तिथल्या जंगलात उन्हाळ्यात विडीची पाने तोडतात. आपण तेंदूपत्ता म्हणतो, तिकडे तुनिकाकु. मांडवात विड्यांचा धूर झाला तेव्हा मी तोंड वाकडे केले. एक वयस्क पाहुणे म्हणाले, "अहो, या पानावर आमच्याकडची माणसे पोट भरतात. धुराला नावे ठेवून कसे चालेल?"

तिथे उत्तर दिले नाही, लग्नघर होते. इथे देतो.

सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या १८६० च्या दंड संहितेत कलम २६८ मध्ये होती. जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये आहे. तिच्यात साफ म्हटले आहे की, कुणाची सोय किंवा फायदा होतो म्हणून उपद्रव माफ होत नाही. पाने तोडणाऱ्याला दुसरे काम मिळालेच पाहिजे, पण तोवर मांडवातल्या पोरांनी धूर का गिळावा?

केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये याच व्याख्येच्या आधारे सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान हा उपद्रव ठरवला. नवा कायदा लागला नाही, जुनाच नीट वाचला. पुढे २००१ मध्ये मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने इस्पितळे, शाळा, सरकारी कचेऱ्या, आगगाड्या यांत बंदी घातली. मग २००३ चा कायदा आणि २००८ चे नियम आले, आणि गुन्ह्याचा दर ठरला : २०० रुपयांपर्यंत दंड.

इथेच माझे भांडण आहे. उपद्रव म्हणजे शेजाऱ्याला केलेली इजा. आपण तिची पावती करून टाकली. शिवाय ती पावती फाडण्याचा अधिकार राजपत्रित अधिकाऱ्यांना, आणि आमच्या कचेरीच्या जिन्यात ओढतात ते राजपत्रितच! दाखल्यासाठी आलेली गरोदर बाई नाकाला पदर लावून तिथे उभी असते आणि आम्ही कारकून फायलीत डोके घालतो. मीही त्यातलाच.

गोव्याने तर धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा कायदा १९९७ मध्येच केला, केरळच्या निकालाआधी. डॉ. शरद वैद्यांसारखी माणसे इथे तंबाखूविरुद्ध वर्षानुवर्षे झटली. एवढे असून आपण अजून धुराला शिष्टाचाराचा प्रश्न समजतो. सांगणाराच उद्धट ठरतो.

उपद्रव हटवण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे १५२. तो आदेश साहेबालाही लागू होतो. उपजिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्रास एकट्याचा नव्हे, सर्वांचा आहे हे दिसायला हवे, म्हणून सह्यांसाठी तिघा सहकाऱ्यांना विचारले. दोघे हसले. तिसरा म्हणाला, "सोड रे, आपलोच सायब."

त्याला दमा आहे.