चर्चला जाणाऱ्या आपल्या माणसांना हिणवण्याआधी

हिंदमाता, नायगाव, भोईवाडा, परळ या पट्ट्यात कार्यकर्त्यांच्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास येते: "तो आता चर्चला जायला लागला." सूर असा की जणू माणूस गुत्त्यावर सापडला. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा तो गुत्ता सोडूनच तिकडे गेलेला असतो. त्याची बायको सांगते, पगार घरी येतो, मुलांवर हात उगारत नाही. आपण मात्र विचारतो, किती पैसे मिळाले?

या लेखात मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. तिथे जाणाऱ्याला 'आमिषाला भुलला' म्हणण्याचा आंबेडकरी माणसाला अधिकार नाही. आणि तिथे जे मिळते ते पुरेसे आहे, असेही मी म्हणत नाही.

आधी तिथे काय चालते ते पाहू. बॅप्टिस्ट किंवा त्यांच्यासारख्या स्वतंत्र मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेखेरीज आठवड्यात एखाद्या संध्याकाळी पुरुषांची बैठक असते. तिला ते 'मेन्स फेलोशिप' म्हणतात. कोणाच्या तरी दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा जण बसतात, वाचतात, बोलतात, चहा पितात. नव्या माणसाला एखाद्या जुन्या माणसाच्या हाती दिले जाते, त्याला शिष्यत्व म्हणतात. जुना माणूस नव्याला विचारतो: कामावर गेलास का? या आठवड्यात प्यालास का? घरी भांडण झाले का? तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी फोन येतो. एवढेच. यात चमत्कार नाही, परदेशी पैसा नाही. कोणीतरी नावानिशी चौकशी करतो, आणि ज्याची आयुष्यात कधी कोणी चौकशी केली नाही तो माणूस त्यासाठी परत परत जातो.

'आमिष' हा शब्द कोणाचा आहे, हेही तपासा. गुजरात सरकारने एप्रिल 2024 मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले की हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जायचे असेल तरी 2003 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल. पाद्र्यावर उगारलेली काठी भन्तेंच्या पाठीवरही पडते. ती काठी आपणच पुढे करून द्यावी, हा काय शहाणपणा?

हिंदमातापासून नायगाव पायी काही मिनिटांवर आहे. याच दादर-नायगावात मे 1936 च्या अखेरीस मुंबई इलाखा महार परिषद भरली आणि तिथे बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केले. आपण ते जयंतीला वाचतो, पण त्यातला मुख्य मुद्दा विसरतो. माणसाला तीन प्रकारचे बळ लागते, मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ, आणि अस्पृश्याकडे यातले एकही नाही, असे ते सांगतात. गावात मार पडतो तेव्हा मुसलमानाच्या मागे त्याचा समाज उभा राहतो, आपल्या मागे कोणी नाही. म्हणून धर्मांतर म्हणजे केवळ देव बदलणे नव्हे, आपल्यामागे उभा राहणारा समाज मिळवणे. आता सांगा, त्या खोलीत बसलेली आठ-दहा माणसे दुसरे काय शोधत आहेत?

बॅप्टिस्टांची एक गोष्ट आपल्याला खास जवळची वाटायला हवी. 1609 मध्ये आम्स्टरडॅममध्ये आश्रयाला गेलेल्या इंग्रजांच्या एका गटापासून हा पंथ धरला जातो. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देऊन उपयोग नाही, जाणत्या माणसाने विचार करून, सर्वांसमोर सांगून तो घ्यावा, हा त्यांचा आग्रह. जन्माने कोणी ख्रिस्ती होत नाही. जन्माने मिळालेली ओळख नाकारण्याचा हा विचार आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जवळपास हेच दुखणे बौद्ध इतिहासात दाखवले. भिक्खू होणाऱ्यासाठी दीक्षा होती, उपासकासाठी वेगळी दीक्षा नव्हती. त्यामुळे उपासक एका धर्मातून दुसऱ्यात भटकत राहिले, दोन्हीकडे एकाच वेळी पाय ठेवू लागले. भारतात धम्म लोप पावण्याच्या कारणांत त्यांनी हे कारण धरले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात सामान्य माणसाच्या तोंडून, भर मैदानात, बावीस प्रतिज्ञा का वदवून घेतल्या याचे उत्तर इथे आहे. प्रतिज्ञा हा कबुलीजबाब होता. आज आपल्यातल्या किती घरांत बाळ जन्मले की ते आपोआप बौद्ध होते आणि मरेपर्यंत त्याला कोणी प्रतिज्ञांचा अर्थ विचारत नाही? जन्मावर धर्म ठरण्याची पद्धत आपण पुन्हा मागच्या दाराने आत घेतली आहे.

आता जातीचे बोलू, कारण खरी परीक्षा तिथेच आहे.

बॅप्टिस्टांचा भारतातला आरंभ सेरामपूरचा. विल्यम केरी हा मूळचा चांभार, इंग्लंडात जोडे शिवणारा. मराठीशीही त्याचा संबंध आहे, 1805 चे त्याचे मराठी व्याकरण आणि 1810 चा कोश प्रसिद्ध आहेत. 28 डिसेंबर 1800 ला कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा हुगळी नदीत झाला, त्याच दिवशी, त्याच पाण्यात केरीच्या मुलाचाही झाला. त्याआधी कृष्ण पाल साहेबांच्या पंगतीला बसून उघडपणे जेवला होता. 1803 मध्ये त्यांच्यातला गोकुळ वारला, तेव्हा त्याची शवपेटी एका इंग्रज मिशनऱ्याने, केरीच्या मुलाने, बाप्तिस्मा घेतलेल्या एका ब्राह्मणाने आणि एका मुसलमानाने मिळून खांद्यावर वाहिली. त्या काळच्या बंगालात प्रेताला खांदा देणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. दक्षिणेत याच सुमारास अनेक चर्चमध्ये सवर्ण ख्रिस्ती आणि पारिया ख्रिस्ती वेगळे बसत होते.

पुढे आंध्रात ओंगोलला अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनकडे मादिगा समाज आला. जॉन क्लाऊ या मिशनऱ्यापुढे ब्राह्मण होते आणि मादिगाही. मादिगांना घेतले तर आम्ही येणार नाही, असे ब्राह्मणांनी सुनावल्यावर त्याने मादिगांना निवडले. 3 जुलै 1878 या एका दिवशी 2,222 माणसांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनऱ्यांनी ब्राह्मणांच्या मागे धावण्यात किती वर्षे घालवली, यावर बाबासाहेबांनी कडक लिहिले आहे. ओंगोल हा त्याला मोठा अपवाद म्हणावा लागेल.

पण पुढे काय झाले? मादिगा बॅप्टिस्ट झाले आणि माला मोठ्या संख्येने लुथरन झाले. जातीचा बांध होता तिथेच पंथाचा बांध पडला. फेलोशिप झाली, पण आपापल्या जातीत. बायबल एक, प्रभुभोजन एक, सोयरीक मात्र जातीतच. अंतर्गत समता न शिकवणारे शिष्यत्व इतकेच देऊ शकते. (हे वाचून हसणाऱ्यांनी बौद्ध वधू-वर मेळाव्यांच्या जाहिरातीही वाचाव्यात.)

बाबासाहेबांनी 1 जानेवारी 1938 ला सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना याच नसेवर बोट ठेवले होते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्याला ओढून घेतले, असे ते म्हणाले, आणि त्याच भाषणात ख्रिस्ती समाजाने सामाजिक अन्यायाविरुद्ध लढा दिलेला नाही असेही स्पष्ट सांगितले. माझी फेलोशिपवाल्या बांधवांबद्दल तक्रार हीच आहे. एकेका माणसाची दारू सुटते, हे मोठे काम आहे. पण वस्तीतली दारू कोण विकतो, पोलीस कोणाकडून हप्ता घेतात, गिरणीची जमीन कोणी खाल्ली, कंत्राटी सफाई कामगाराला किमान वेतन का नाही, हे प्रश्न त्या खोलीत येत नाहीत. सगळा दोष त्या माणसाच्या पापात आणि सगळा उपाय त्याच्या प्रार्थनेत.

बॅप्टिस्टांना हे जमत नाही असे मात्र नाही. 1845 मध्ये अमेरिकेतले दक्षिणेचे बॅप्टिस्ट वेगळे झाले ते गुलामांच्या मालकाला मिशनरी होता येईल की नाही या वादावर, आणि ते मालकाच्या बाजूने उभे राहिले. त्याबद्दल माफी मागायला त्यांना 1995 उजाडले. पण त्याच पंथाच्या काळ्या मंडळ्यांतून माँटगोमेरीचा बस-बहिष्कार उभा राहिला. पहिली मोठी सभा एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये झाली, नेतृत्व बॅप्टिस्ट पाळक मार्टिन ल्यूथर किंगकडे आले, आणि 381 दिवस लोक पायी चालले. नागपुरात दीक्षाभूमीवर लाखो लोक उभे होते तेव्हा माँटगोमेरीत तो बहिष्कार चालूच होता. तेच पाणी, तेच पुस्तक. मालकाच्या चर्चने त्यातून आज्ञाधारकपणा काढला, गुलामांच्या नातवंडांनी संप काढला.

त्या बहिष्काराची पत्रके मात्र रातोरात छापून वाटली ती जो ॲन रॉबिन्सन आणि तिच्या महिला संघटनेने. व्यासपीठावर पुरुष दिसले. म्हणून 'पुरुषांची' फेलोशिप या शब्दापाशी मी अडखळतो. सुधारलेला नवरा चांगलाच, पण 'नवरा हा कुटुंबाचे मस्तक' हा धडा त्याच बैठकीत मिळत असेल तर बाईच्या वाट्याला मालकच येतो, फक्त शुद्धीवर असलेला. अमेरिकेच्या त्याच दक्षिणी बॅप्टिस्टांनी 1998 मध्ये पत्नीने पतीच्या अधीन राहावे असे आपल्या श्रद्धापत्रात लिहून घेतले. आपल्याकडे ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना विचारले नव्हते. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, स्वतःच्या विचाराने जातीचा विटाळ टाकला आणि मगच ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला शिष्यत्व त्यांचेच खरे वाटते. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्याचे आपण अनुयायी, पण आपल्या विहार समित्यांत आणि जयंती मंडळांत किती बाया आहेत हे मोजले तर चर्चला बोलायला तोंड राहणार नाही.

सगळ्यात अवघड गाठ कायद्याची आहे. बाप्तिस्मा उघडपणे घ्यायचा असतो, पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदू, शीख (1956 पासून) आणि बौद्ध (1990 पासून) यांखेरीज कोणी अनुसूचित जातीचा नाही. म्हणजे रविवारी भर मंडळीत कबुली देणारा माणूस सोमवारी तहसील कचेरीत गप्प बसतो. मद्रासच्या फुटपाथवर चपला शिवणाऱ्या सूसाईला केवळ ख्रिस्ती म्हणून सरकारी खोका नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 1985 मध्ये त्याचा दावा फेटाळला, धर्मांतरानंतरही तेवढेच हाल होतात हे सिद्ध झाले नाही म्हणून. त्याच वर्षी जुलैमध्ये, ओंगोलच्याच टापूत, कारमचेडूला मादिगांची कत्तल झाली होती. हल्लेखोरांनी धर्म विचारला नाही, जात त्यांना ठाऊक होती. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये हा परिच्छेद काढा म्हटले. 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला.

हे मांडले की आपल्यातूनच आवाज उठतो: आरक्षणात वाटेकरी कशाला? 1956 ते 1990 ही 34 वर्षे केंद्राच्या सवलतींसाठी आपणही त्याच दाराबाहेर उभे होतो. तेव्हा आतल्यांनी हेच म्हटले असते तर? कोटा कमी पडत असेल तर वाढवून मागू. खासगी क्षेत्रात मागू. पण जातीचा मार एकत्र खाऊन कागदावर वेगळे होणे मला मान्य नाही.

आणि विहारांबद्दल. बाबासाहेबांनी 1950 साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिताना ख्रिस्ती धर्मसेवकांकडून, विशेषतः जेझुइटांकडून, सेवेची शिस्त घ्या असे भिक्खू संघाला सुचवले होते. आपण कुलूप घेतले. कितीतरी विहार पौर्णिमा, 14 एप्रिल आणि वर्षावासाचे ग्रंथपठण सोडले तर बंद असतात, किल्ली एका पदाधिकाऱ्याच्या घरी. आठवड्यातून एक संध्याकाळ विहार उघडा ठेवा. नव्या पोराला एखाद्या जुन्या उपासकाशी जोडून द्या. दारूबद्दलची प्रतिज्ञा म्हणायला लावून सोडू नका, पुढच्या आठवड्यात विचारा. त्या बैठकीत बाया असू द्या, पगाराचे आणि भाड्याचे प्रश्न असू द्या, आणि भन्तेंनाही उलट प्रश्न विचारण्याची मुभा असू द्या, कारण नायगावच्या त्या भाषणाचा शेवट बाबासाहेबांनी तथागताच्या 'स्वतःच स्वतःचा दीप व्हा' या उपदेशाने केला होता. चर्चला जाणारा शेजारी त्या संध्याकाळी आलाच तर त्याला धर्म विचारू नका, चहा द्या. तिसऱ्या परिच्छेदाविरुद्धच्या निवेदनावर सही मात्र घ्या, आणि त्याच कागदावर आधी तुमची करा.