मोतीबागेचे वस्ताद

कोल्हापूर नगरीने आपल्या मल्लांवर जेवढे प्रेम केले तेवढे तिने कोणत्याही राजकीय पुढाऱ्यावर केलेले नाही, आणि आमच्या मते ते योग्यच झाले. पुढाऱ्याची पाठ मातीला लागली तरी तो अंग झटकून उभा राहतो आणि आपण पडलोच नव्हतो असे दुसऱ्या दिवशीच्या सभेत सांगतो. मल्लाला ही सोय नाही. खासबागेत सहस्रावधी डोळ्यांदेखत ज्याचे खांदे मातीला टेकले तो हरला. त्यावर अपील नाही, खुलासा नाही. अशा निष्ठुर न्यायासनापुढे वर्षानुवर्षे उभे राहून ज्यांनी आपले नाव उजळ ठेवले, त्या मोजक्या पुरुषांत हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांची गणना होते. १६ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात ते निवर्तले. त्यांच्यामागून २० ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांचे पट्टशिष्य दादू चौगुले गेले आणि १४ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या पिढीचे हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे यांनीही जगाचा निरोप घेतला. अवघ्या सव्वादोन वर्षांत कोल्हापूरच्या कुस्तीचे तीन बुरूज ढासळले. प्रत्येक वेळी शोकसभा झाल्या, आणि प्रत्येक वेळी एक पर्व संपले असे वक्त्यांनी गहिवरून सांगितले. पर्व संपल्याचे दुःख खरे होते, यात शंका नाही. परंतु ते चालू ठेवण्याचे काम कोणाचे होते, हा प्रश्न त्या सभांतून कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

गणपतरावांचा जन्म १९३५ सालचा, वारणेच्या खोऱ्यातील पुनवत या गावचा. शिराळा तालुक्यातील हा शेतकऱ्याचा मुलगा कोवळ्या वयात कोल्हापुरास आला आणि मोतीबाग तालमीत दाखल झाला. त्या काळाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या कर्तृत्वाचे मोल कळणार नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेस गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि त्या धर्तीचे मैदान आपल्या नगरीत उभे करण्याचा ध्यास घेतला. १९१२ साली खासबागेचे ते वर्तुळाकार मैदान सिद्ध झाले. शेवटच्या रांगेतील गरिबालाही पुढच्याच्या डोक्याचा अडथळा न होता कुस्ती दिसावी, अशी त्याची रचना आहे. उत्तरेतील नामांकित मल्ल दरबारच्या आश्रयाने येथे येत, राहत, लढत. पण १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि मल्लविद्येच्या डोक्यावरील राजछत्र गेले. गणपतरावांची पिढी ही छत्र हरपल्यानंतरची पिढी होती. तिला सरकारी खजिन्यातून खुराक मिळणार नव्हता. तिकीट काढून मैदानात बसणाऱ्या रयतेच्या पैशावर आणि जिंकलेल्या इनामावर तिला जगायचे होते. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे कुस्तीचे जे स्थित्यंतर झाले, ते या पिढीने आपल्या मानेवर पेलले.

व्यावसायिक कुस्ती हा शब्द उच्चारला की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे दूरचित्रवाणीवरील अमेरिकन तमाशा उभा राहतो, अथवा जुन्या मुंबईकरांस वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधील दारासिंग आणि किंगकाँग यांच्या झुंजी आठवतात. दारासिंगांच्या ताकदीविषयी आम्हांस आदरच आहे. १९६८ साली त्यांनी मुंबईत लू थेझ या अमेरिकन मल्लावर मिळविलेला विजय अद्याप लोकांच्या तोंडी आहे. परंतु खासबागेतील इनामी कुस्ती ही त्याहून वेगळ्या जातीची. तिला गुण नव्हते, घड्याळाचा धाक नव्हता. जोड लागली की चितपट होईतो झुंजायचे, वा कोणीच हटेना म्हणून पंचांनी बरोबरीत सोडवायचे. लोकांस फसवून संगनमताने लढणाऱ्यांसाठी ‘नुरा कुस्ती’ हा तिरस्काराचा शब्द याच प्रेक्षकांनी चलनात ठेवला. आपला घामाचा पैसा कोठे चोख आहे आणि कोठे खोटा, हे जाणणारा असा प्रेक्षक नाट्यगृहांस लाभता तर मराठी रंगभूमीचे भाग्य उजळले असते!

या पारखी प्रेक्षकांपुढे गणपतराव लढले. १९५९ साली श्रीपती खंचनाळे यांनी दिल्लीत बंतासिंगास पाडून हिंदकेसरीचा मान आणला, आणि पुढल्याच वर्षी, १९६० साली, खडकसिंग पंजाबी यांस हरवून गणपतरावांनी तो आपल्याकडे घेतला. सादिक, गोगा, नसीर अशा पाकिस्तानातून आलेल्या मल्लांशी त्यांच्या लढती झाल्या. खंचनाळे आणि मारुती माने या घरच्या वाघांशीही झाल्या. फाळणीच्या जखमा ओल्या असताना लाहोरकडील पैलवान कोल्हापुरात येत आणि येथील जनता त्यांच्या डावांवर जीव ओवाळून टाकी, ही गोष्ट आजच्या दिवसांत मुद्दाम सांगावीशी वाटते. मैदानात त्यांची पाठ लागावी असे वाटणारे लोकच मैदानाबाहेर त्यांना दुधाचा पेला पुढे करीत.

गणपतरावांच्या कारकीर्दीतील आम्हांस सर्वांत विलक्षण वाटणारा प्रसंग मात्र खासबागेतील नाही. तो १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेतील आहे. तेथे त्यांनी सर्वांत वरच्या वजनगटात मुक्त शैलीचे रौप्यपदक मिळविले आणि ग्रीको-रोमन शैलीचे सुवर्णपदक जिंकले. या दुसऱ्या शैलीचा नियम असा की, कमरेखाली प्रतिस्पर्ध्यास हात लावावयाचा नाही आणि स्वतःच्या पायांचाही डावासाठी उपयोग करावयाचा नाही. ज्याने बालपणापासून पट काढण्याचा, टांग मारण्याचा सराव केला, त्या मातीतल्या मल्लाचे निम्मे शस्त्रागार येथे काढून घेतले जाते. तरीही त्याच शैलीत सुवर्णपदक पटकावणे म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताने लिहून परीक्षेत पहिले येण्यासारखे होते. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती माने यांनीही सुवर्णपदक मिळविले. १९६४ साली गणपतराव टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उतरले. तेथे पदक लाभले नाही. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांस अर्जुन पुरस्कार दिला. इनामाच्या मातीवर जगणारा मल्ल गादीवरही उभा राहू शकतो, हे त्यांनी आपल्या देहाने सिद्ध केले होते. माती श्रेष्ठ की गादी, हा वाद आपण पुढे कित्येक दशके घालीत बसलो. त्याचे उत्तर जकार्ताहून केव्हाच आले होते.

आणि तरीही, गणपतराव केवळ लढले असते तर त्यांच्यासाठी आज हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. पदके मिळविणारे अनेक असतात. कुस्ती थांबविल्यानंतर त्यांनी उरलेले आयुष्य मोतीबागेत वस्तादकीला वाहिले. वस्ताद या शब्दाला प्रशिक्षक हा प्रतिशब्द देऊन आपण त्याची निम्मी माती काढून टाकतो. पहाटे पोरांना उठवून हौद्यात उतरविणारा, जोर-बैठकांचा हिशेब ठेवणारा, कोणाच्या घरून तूप आले आणि कोणाच्या घरून आले नाही हे न विचारता ओळखणारा, कोणत्या पोराची जोड कोणाशी व केव्हा बांधावी हे ठरविणारा, आणि अंगात रग आली की तीच रग गल्लीत उतरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहणारा असा हा पुरुष असतो. तो शिक्षक असतो, वैद्य असतो, पालक असतो. गणपतरावांच्या या शाळेतून राधानगरी तालुक्यातील अर्जुनवाड्याचे दादू चौगुले निघाले. १९७० व १९७१ अशी दोन वर्षे ते महाराष्ट्र केसरी झाले, १९७३ साली रुस्तुम-ए-हिंद झाले, आणि १९७४ साली न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले. तेही पुढे वस्ताद झाले. २०१८ साली त्यांस ध्यानचंद पुरस्कार मिळाला. एका दिव्याने दुसरा दिवा लागावा तशी ही परंपरा. तिला लेखी घटना नाही, अंदाजपत्रक नाही. एक माणूस पहाटे उठून हौद्यावर येतो, एवढाच तिचा आधार.

हा आधार आता किती टिकेल, याची आम्हांस चिंता वाटते. कोल्हापूरला लागूनच, करवीर तालुक्यात, गडमुडशिंगी हे गाव आहे. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या विस्तारासाठी या गावची जमीन संपादित झाली. विमानतळ वाढणे आवश्यकच होते आणि त्यास विरोध करण्याचे आमच्या मनातही नाही. परंतु शहराच्या वेशीवरील अशा गावांवरच कोल्हापूरच्या तालमी पोसल्या गेल्या, हे विसरून चालणार नाही. गावाकडील रानात वैरण, गोठ्यात म्हैस, आणि चार भावांपैकी एकाला शेतीच्या कामातून मोकळे सोडण्याइतकी घरात माणसे, या तीन गोष्टींवर पैलवान उभा राहतो. त्यांपैकी रान बिनशेती होऊन त्याचे भूखंड पडू लागले. कुटुंबे लहान झाली. म्हशीचे दूध पहाटे गावच्या दूध संस्थेत जाते आणि दर दहा दिवसांनी त्याचे रोख पैसे घरात येतात. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने कोल्हापूरच्या शेतकऱ्याचे घर सावरले. त्यास दोष देण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. मात्र दुधाला भाव आला, तेव्हा पैलवानाच्या पेल्यालाही भाव आला. पूर्वी जो खुराक घरचा म्हणून पोटात जाई, तो आता बापाने रोखीने मोजून द्यायचा. बदाम आणि तूप यांची गोष्टच नको. गडमुडशिंगीच्या एखाद्या बापाने आपल्या पोराला तालमीत धाडावे की शिकवणीच्या वर्गात, असा प्रश्न आला तर तो काय उत्तर देईल? आणि शिकवणीचा वर्ग निवडल्याबद्दल त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपणां शहरवासीयांस कोठून आला?

शहरातील चित्रही फार निराळे नाही. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग अशा तालमींत आजही हौदे घुमतात, ही समाधानाची गोष्ट. परंतु कोल्हापुरात तालीम हा शब्द आज सर्वांत मोठ्याने ऐकू येतो तो फुटबॉलच्या मैदानावर. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, ही तेथील संघांची नावे आहेत. फुटबॉलचे हे वेडही आम्हांस प्रियच आहे. पण पेठेची ईर्ष्या हौद्यातून उठून हिरवळीवर गेली, हे त्यावरून कळते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये खासबागेला खेटून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा सारे शहर रस्त्यावर येऊन हळहळले आणि पुनर्बांधणीच्या घोषणा तत्काळ झाल्या. आग सर्वांस दिसते. एखाद्या तालमीत पहाटे येणारी मुले वीसांची बारा आणि बारांची पाच झाली तर ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

यावर उपाय म्हणून पुतळे आणि कमानी सुचविल्या जातात. आमचा त्यांस विरोध नाही. पण पुतळा पहाटे चार वाजता कोणाला उठवीत नाही. शासनाने २०२३ च्या जानेवारीत, पुण्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा चालू असताना, किताबप्राप्त मल्लांच्या मानधनात मोठी वाढ जाहीर केली, त्याचे आम्ही स्वागत करतो. मात्र हे मानधन किताबामागे जाते. ज्याने कधी गदा खांद्यावर घेतली नाही, पण वीस वर्षे हौदा सांभाळला आणि दुसऱ्यांच्या खांद्यावर गदा चढविली, त्या वस्तादाचे काय? शाळेतील व्यायामशिक्षकास वेतन मिळते. त्याच न्यायाने नोंदणीकृत तालमीत नियमित शिकविणाऱ्या वस्तादास मासिक वेतन का मिळू नये? महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि क्रीडा खाते यांनी मिळून हा खर्च उचलणे अशक्य आहे असे आम्हांस वाटत नाही. जिल्ह्यातील साखर कारखाने मैदाने भरवितात, इनामे लावतात. एका मोठ्या इनामाच्या रकमेत एका वस्तादाचे वर्ष निघेल. वेतनासोबत अटीही असाव्यात. हौद्याशेजारी गादी असावी, आणि तालमीचे दार मुलींसही उघडे असावे. महाराष्ट्राच्या मुली आज देशभर कुस्ती लढत आहेत. मोतीबागेच्या परंपरेचा वारसा त्यांनी बाहेर उभे राहून पाहावा, हे गणपतरावांच्या नावास शोभणारे नाही.

राहता राहिला प्रश्न आमच्या वाचकांचा, म्हणजे पांढरपेशा सुशिक्षितांचा. पैलवानाची बुद्धी गुडघ्यात असते असे म्हणून हसण्यात या वर्गाने बराच काळ घालविला. त्याच वर्गातील एक गृहस्थ मात्र वेगळे निघाले. १९५२ साली गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले तेव्हा प्रवासाला पैसे नव्हते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे जिंकलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. कुस्तीत त्यानंतरचे पदक देशाला २००८ साली मिळाले, तेही महाराष्ट्राबाहेरच्या सुशीलकुमारांकडून. महाराष्ट्राच्या मल्लास ते आजतागायत मिळालेले नाही. खर्डेकरांचे महाविद्यालय आजही कोल्हापुरात आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे. गणपतरावांच्या पिढीने डोक्यात बाळगलेली डावपेचांची विद्या, त्यांची नावे, त्यांची तोड, त्यांचे खुराकाचे आणि मालिशचे शास्त्र, हे ज्या वृद्ध वस्तादांपाशी अद्याप शिल्लक आहे त्यांच्याकडून ते लिहून आणि चित्रित करून घेण्याचे काम तरी विद्यापीठाने याच वर्षी हाती घ्यावे. त्यास घर गहाण टाकावे लागणार नाही.