तबकडी, धवलारीण आणि वाचक

पनवेलच्या आसपासच्या गावांत लग्नसराई सुरू झाली की हळदीच्या रात्री डीजे वाजतो. त्याच्या आवाजाविषयी सुशिक्षितांनी नाक मुरडण्याचा परिपाठ जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. प्रश्न असा की हा डीजे नेमके करतो काय? गाणे त्याने रचलेले नसते, गायलेले नसते, त्यातले एकही वाद्य त्याने हाती धरलेले नसते. तरीही मांडवातली माणसे ‘आज काय वाजवलंय त्याने!’ असे म्हणतात आणि ती चुकीचे बोलतात असे मला वाटत नाही. दुसऱ्याची रचना ‘वाजवणे’ म्हणजे काय, हा प्रश्न एकट्या डीजेचा नाही. कविता वाचणाऱ्याचा आणि ती वर्गात शिकवणाऱ्याचाही आहे.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते एका विद्यार्थ्याने. मराठी विषय घेऊन बी.ए. करणारा, तालुक्यातल्याच एका गावचा हा मुलगा सुट्टीत एका डीजेच्या हाताखाली काम करतो. त्याने एकदा संगणकावर एक खेळ दाखवला. पडद्यावर वरून खाली रंगीत पट्ट्या घसरत होत्या, त्या तळाच्या रेषेला टेकताक्षणी तो नेमकी कळ दाबत होता आणि त्यातून एक सलग वाद्यरचना उभी राहत होती. ‘सर, हे बघून वाजवायचं असतं,’ तो म्हणाला, ‘पण ऐकल्याशिवाय जमत नाही.’

या खेळाचे मूळ जपानी आहे. कोनामी या कंपनीने १९९७ च्या डिसेंबरात ‘बीटमेनिया’ नावाचे यंत्र जपानच्या खेळघरांत आणले. पाच कळा आणि शेजारी डीजेची असते तशी एक फिरती तबकडी, एवढाच त्याचा सरंजाम. १९९९ मध्ये आलेल्या पुढच्या मालिकेत कळा सात झाल्या आणि ती मालिका आजही चालू आहे. खेळाडू डीजेच्या भूमिकेत असतो, पण वाजवायचे काय ते आधीच ठरलेले असते. प्रत्येक आघाताला ‘ग्रेट’, ‘गुड’, ‘बॅड’ किंवा ‘पुअर’ असा शेरा मिळतो आणि एकंदर कामगिरी एका मापकावर चढत-उतरत राहते. मापक ठरावीक रेषेखाली राहिला, की खेळाडू नापास.

साहित्याच्या माणसाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: हे यांत्रिक आहे, ही कला नव्हे. माझीही तीच होती. खरा डीजे काय करतो हे आठवले म्हणजे तर ती अधिकच रास्त वाटते. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क दोन तबकड्यांच्या आधारे गाण्यातला केवळ तालाचा तुकडा लांबवू लागला, तेव्हा त्याने ध्वनिमुद्रिकेचा असा उपयोग केला जो ती काढणाऱ्यांच्या मनातही नव्हता. समोर नाचणारी माणसे कोणत्या तुकड्यावर उसळतात हे पाहून त्याने ते केले. ‘बीटमेनिया’त समोर माणसे नसतात आणि तुकडा लांबवण्याची सोय नसते. म्हणजे डीजेपणातले जे मर्म, तेच इथे वगळले गेले आहे.

तरी एक गोष्ट लक्षात आली आणि मत बदलावे लागले. या खेळात मागे गाणे आपोआप चालू आहे आणि आपण केवळ ठेका धरतो आहोत, असे नसते. रचनेतले अनेक सूर खेळाडूच्या कळांना बांधलेले असतात. कळ वेळेवर दाबली तरच तो सूर निघतो. चुकली की त्या जागी खड्डा पडतो. उशिरा दाबली तर सूरही उशिरा येतो आणि रचना कानाला लंगडते. चुकीची शिक्षा पडद्यावरच्या शेऱ्याआधी कानाला मिळते. ‘ऐकल्याशिवाय जमत नाही’ याचा अर्थ हा होता.

रोमान इंगार्डेन याने १९३१ मध्ये साहित्यकृतीतल्या अनिर्धारित जागांविषयी लिहिले. वाचक त्या भरतो तेव्हा कृती मूर्त होते. आपण हे सिद्धांताच्या तासाला शिकवतो. पुढच्याच तासाला मात्र कविता अशी शिकवतो की जणू ती छापील पानावर पूर्ण झालेली आहे आणि विद्यार्थ्याने तिचा आशय फक्त उचलून न्यायचा आहे. रोलाँ बार्थने १९७० च्या एका निबंधात ऐकण्याचे संगीत आणि स्वतः वाजवण्याचे संगीत असा भेद केला होता आणि हौशी वादक लोप पावत असल्याची खंत मांडली होती. आपल्या वर्गात कविता ऐकण्याचीसुद्धा उरलेली नाही; ती सारांशाची झाली आहे. विद्यार्थ्याने कविता वाचलीच नाही, तरी त्याच्या उत्तरात कुठेही खड्डा ऐकू येत नाही. गाईडमधले मुद्दे उतरले की मापक वर चढतो. म्हणजे ज्या खेळाला आपण यांत्रिक म्हणतो, त्यातला यांत्रिक अर्धा आपण जसाच्या तसा परीक्षेत घेतला आणि सूर निघण्याचा अर्धा तेवढा सोडून दिला.

यावर कुणी म्हणेल, मग वाचकाला वाटेल तसा अर्थ लावू द्यावा काय? तसे मुळीच नाही. भलत्या वेळी दाबलेली कळही वाजते, पण ती भलतीच वाजते. कवितेत जे शब्द आहेत, जिथे ओळ तुटली आहे, त्यांचे बंधन वाचकावर असतेच. मात्र बंधन पाळणे आणि नमुना-उत्तराशी जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यांतला फरक समजून घ्यायला पनवेलहून लांब जायला नको. इथल्या आगरी समाजात लग्नाचे धवले गाणारी धवलारीण असते. पूर्वी अनेक ठिकाणी लग्नाचे विधीच तिच्या गाण्याने पार पडत. धवले तिने रचलेले नसतात. ते परंपरेने आलेले, मुखोद्गत असतात. पण घर बदलले की नावे बदलतात, आणि पुढ्यातला विधी रेंगाळला तर गाण्यालाही त्याच्यासाठी थांबावे लागते. पाठ तोच; प्रत्येक मांडवात तो नव्याने वाजवावा लागतो. तिच्या गाण्यावर शेरा देणारा मापक नसतो, पण ती चुकली तर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या लगेच ध्यानात येते. त्याच मांडवात रात्री वाजणाऱ्या डीजेला आपण तिचा मारेकरी समजतो. त्याने तिची जागा बरीच व्यापली हे खरे. पण दुसऱ्याची रचना समोरच्या माणसांसाठी वाजवणे, हे काम दोघांचे एकच आहे. आपला साहित्याचा वर्ग या दोघांपासून सारखाच दूर आहे.

‘बीटमेनिया’च्या जुन्या पाच कळांच्या यंत्रात काही रचनांमध्ये ‘फ्री झोन’ नावाची एक जागा असे. तेवढ्यापुरती तबकडी मनाला येईल तशी फिरवावी. तिथे चूक-बरोबर लागत नसे. पुढे रचना पुन्हा सुरू होई आणि खेळाडूला तिच्यात वेळेवर परतावे लागे. जपानमधल्या हौशी मंडळींनी तर १९९८ मध्येच अशा रचना स्वतः लिहिता याव्यात म्हणून एक मुक्त लेखनपद्धती तयार केली. माझा विद्यार्थी खेळत होता ती रचना त्याच वाटेने आलेली होती. नेमून दिलेले वाजवता वाजवता माणसे रचू लागली, ही गोष्ट शिक्षकाने विसरू नये अशी आहे.

म्हणून एक साधी सूचना. अंतर्गत मूल्यमापनात एकदा तरी विद्यार्थ्याला कविता मोठ्याने वाचायला सांगावी आणि ‘इथे का थांबलास?’ एवढेच विचारावे. उत्तर कुठल्याही गाईडात नसेल. या वर्षी मी त्याच मुलाला विचारले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘पुढचा शब्द जड आहे, सर.’ सहकाऱ्यांनी विचारले, याला गुण किती आणि कशाच्या आधारावर द्यायचे? मला वाटते, एवढी एक जागा बिनगुणांची ठेवायला हरकत नसावी.