काटा एकच हवा

आज पंधरा ऑगस्ट. कोरेगाव तालुक्यात गावोगावी सकाळी ध्वजवंदन होईल, शाळेच्या मुलांची प्रभातफेरी निघेल आणि मग ग्रामसभा बसेल. त्या सभेत कोणीतरी उभा राहून विचारील, पाणीयोजनेचा हिशेब कुठे आहे? लगेच दुसरा कोणीतरी त्याला दटावील, “चारचौघांत कशाला गावाची अब्रू काढतोस?” हिशेब तिथेच राहतो. विचारणारा कोणत्या गटाचा, मागच्या निवडणुकीत कोणाच्या जीपमध्ये होता, याचीच चर्चा पारावर संध्याकाळपर्यंत चालते.

देशाच्या राजकारणातही हेच चालले आहे. तिथे फक्त गावाच्या अब्रूऐवजी देशाची अब्रू म्हणतात.

मे 2015 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी शांघाय आणि सेऊल येथील भारतीयांसमोर बोलले. पूर्वी भारतात जन्मल्याची लोकांना लाज वाटे, आता अभिमान वाटतो, असा त्या बोलण्याचा आशय होता. परक्या भूमीवर देशाचा अपमान झाला, म्हणून काँग्रेसने टीकेची झोड उठवली. मार्च 2023 मध्ये राहुल गांधी केंब्रिज आणि लंडन येथे भारतातील लोकशाहीवर आघात होत असल्याचे बोलले. तेव्हा परक्या भूमीवर देशाची बदनामी झाली, म्हणून भाजपने माफी मागितल्याशिवाय सोडणार नाही अशी भूमिका घेतली. अदानी उद्योगसमूहाच्या चौकशीसाठी संयुक्त संसदीय समितीची विरोधकांची मागणीही त्याच वेळी पुढे होती. या ओढाताणीत संसदेचे कामकाज दिवसच्या दिवस बंद पडले. आठ वर्षांत दोन्ही पक्षांनी एकमेकांची वाक्ये उचलली. लोकशाहीवर खरोखर आघात होत आहेत का, की तो आरोप फोल आहे, याची पुराव्यानिशी चर्चा ज्या सभागृहात व्हायची, तेच बंद होते.

दिल्ली लांब आहे म्हणावे, तर जरंडेश्वर आपल्या दारात आहे. चिमणगावचा हा सहकारी साखर कारखाना कर्जात बुडाला आणि 2010 मध्ये राज्य सहकारी बँकेने तो लिलावात विकला. जुलै 2021 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्याच्या मालमत्तेवर टाच आणली. भाजपच्या नेत्यांनी अजित पवार आणि त्यांच्या निकटवर्तीयांकडे बोट दाखवले. पवारांनी आरोप फेटाळले. त्यांच्या पक्षाने याला सूडाचे राजकारण म्हटले. मग जुलै 2023 उजाडला आणि भाजप ज्या सरकारात होता, त्याच सरकारात अजित पवार उपमुख्यमंत्री झाले. आरोपांत तथ्य किती, हे न्यायालय ठरवील. तो आमचा अधिकार नाही. पण इथल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर लोकांची भाषा कशी फिरली, ते आपण सगळ्यांनी ऐकले आहे. काल ज्यांना कारवाई हवी होती ते गप्प झाले, आणि काल ज्यांना ती सूडाची वाटत होती त्यांच्यातलेच काही आज तिची आठवण काढू लागले. आयुष्याची पुंजी घालून शेअर घेतलेल्या सभासदाचा एकच प्रश्न होता: आमचा कारखाना आमच्या हातून गेला कसा? या गदारोळात तो प्रश्न मागे पडला.

आपल्या शेतकऱ्याला काटामारी काय असते, हे सांगावे लागत नाही. वर्षभर राबून वाढवलेला ऊस ट्रॉलीतून काट्यावर चढला की त्याचा जीव त्या आकड्यात अडकतो. संशय आला तर तो ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर नेतो आणि पावती खिशात ठेवतो. उसाच्या बाबतीत इतका जागा असणारा माणूस पुढाऱ्याचे वागणे तोलताना मात्र दोन काटे ठेवतो, एक आपल्यासाठी, एक परक्यासाठी. ही काटामारी आपली आपणच करतो, आणि तिचा तोटाही आपल्याच पदरात पडतो.

परदेशात बोलण्याचा वाद नवा नाही. असाच एक ऑगस्ट 1897 साली आला होता. त्याआधीच्या महिन्यांत पुण्यात प्लेगने थैमान घातले होते, प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या हाताखालचे गोरे शिपाई घराघरांत शिरून झडत्या घेत होते आणि लोक संतापले होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देण्यासाठी ते गेले होते. पुण्याहून आलेल्या मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले, की शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केले आहेत. इंग्लंडात खळबळ उडाली. परत आल्यावर त्यांनी पुरावा शोधला, तो हाती लागला नाही. लिहिणाऱ्यांची नावे त्यांनी सरकारला दिली नाहीत; सगळा दोष स्वतःवर घेऊन त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. त्याच सुमारास, 27 जुलैला, लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली. ‘केसरी’तील मजकुराबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

एक घरात बोलला, एक परदेशात बोलला. एकाने शिक्षा भोगली, एकाने माफी मागितली. गोखल्यांना इंग्रजांनी खोटे ठरवले आणि आपल्यातल्या अनेकांनी भित्रे. तेव्हा ते अवघे एकतीस वर्षांचे होते. पण 1905 मध्ये बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. परदेशात तक्रार मांडली म्हणून ते देशाचे वैरी ठरले नाहीत आणि चूक कबूल केली म्हणून संपलेही नाहीत. त्यांची चूक परक्या भूमीवर बोलण्यात नव्हती. हाती पुरावा नसताना बोलण्यात होती, आणि तेवढ्याचीच त्यांनी माफी मागितली. आज माफीची मागणी रोज होते. पण नेमकी कोणती गोष्ट खोटी निघाली, हे मागणाराही सांगत नाही आणि बोलणाराही तपासत नाही.

सरकार म्हणजे देश नव्हे, ही गोष्ट स्वतंत्र भारताच्या न्यायालयानेही सांगितली आहे. केदारनाथ सिंह खटल्यात 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सरकारवर कितीही कडक शब्दांत टीका केली, तरी हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता बिघडवण्याचा कल नसेल तर तो राजद्रोह होत नाही. हा आधार टीका करणाऱ्या प्रत्येकाला आहे, मग तो आज सत्तेत असो वा विरोधात. पण तो खोटे बोलण्याचा परवाना नव्हे. बोलणाऱ्याने पुरावा द्यावा, ऐकणाऱ्याने तो तपासावा. दोघांनीही आपापली बाजू राखली, तरच टीकेला किंमत राहते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. घरच्या अडचणीत ते शहाणपण असेल. सार्वजनिक पैशाची मूठ झाकून ठेवली, तर आत काय उरले, ते कळायला फार उशीर झालेला असतो. जरंडेश्वरच्या सभासदाला हे कोणी वेगळे सांगायला नको.

म्हणून आज ध्वजाला वंदन करून ग्रामसभेत बसताना मनाशी एकच ठरवू. पाणीयोजनेचा हिशेब विचारणारा आपल्या गटाचा नसला, तरी दप्तर उघडायला आपण सांगू. हिशेब चोख निघाला, तर विचारणाऱ्याने ते उभे राहून मान्य करावे. खोट निघाली, तर ती आपल्या माणसाची असली, तरी इतिवृत्तात नोंदवली जावी. चावडीवर एवढे जमले, तर दिल्लीतल्या माणसालाही त्याच काट्यावर उभे करण्याचा हक्क आपल्याला राहील.