निकालानंतरची भांडणं
२००९ साली ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची महाअंतिम फेरी कार्तिकी गायकवाडने जिंकली आणि आमच्या भिशीत दोन तट पडले. “आर्यावर अन्याय झाला!” एक म्हणाली. “मग एसएमएस कुणी केले?” दुसरी फणकारली. मीही हिरिरीने भांडले. लेकीने हळूच विचारलं, “आई, कार्तिकीने हे ऐकलं तर?” मी गप्पच झाले. जिंकलेल्या लेकराचा आनंद आपण मोठ्यांनीच नासवायचा? पुढे २०२१ मध्ये कार्तिकी, आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित हे पाचही जण त्याच कार्यक्रमात ज्युरी म्हणून शेजारी शेजारी बसले. मैत्रिणींनो, आपलं आवडतं मूल हरलं तर हळहळा जरूर. पण जिंकलेल्याचं कौतुक कमी करू नका. घरातली मुलं ऐकत असतात.